वजनकाटा बाजूला ठेवा, पोटरी मोजा: म्हाताऱ्या पेशंटला घरी परत हिंडतं-फिरतं करताना काय बघायचं

खुब्यात रॉड टाकून, नाहीतर लकव्याचा झटका येऊन गेल्यावर म्हातारं माणूस जळगाव-धुळ्याच्या दवाखान्यातून घरी आलं की पहिल्याच भेटीत घरातलं कोणीतरी मला विचारतं, मॅडम, वजन उतरलं का हो ह्यांचं? आणि मी काही बोलायच्या आत नातू काटा आणून ठेवतो. आजीला दोघांनी धरून कशीबशी काट्यावर उभी करतात, काटा म्हणतो ५८, पडायच्या आधी पण ५८च होतं, झालं, सगळे खूश. पण त्याच आजीला खाटेवरून उठायला दोन माणसं लागून राहिली, संडासला न्यायला सून पाहिजे, आणि भरलेला तांब्या उचलायचा तर हात कापतो. वजन तेवढंच आणि माणूस मात्र निम्म्यावर, हे कसं काय, तर त्याचं उत्तर काट्यात नाहीच.

काटा हाडं, स्नायू, चरबी, पाणी सगळं एकत्र मोजतो. माणूस झोपून राहिलं की त्यातला स्नायू झपाट्याने जातो आणि त्याची जागा हळूहळू चरबी नाहीतर सूज घेते, बेरीज तीच राहते. २००७ साली छापलेला एक अभ्यास आहे, त्यात चांगल्या ठणठणीत म्हाताऱ्या लोकांना, म्हणजे काही आजार नसलेल्या, फक्त १० दिवस बेडवर झोपवून ठेवलं, खाणंपिणं नीट चालू, तरी नुसत्या पायांतून जवळजवळ १ किलो स्नायू गेला. आता विचार करा, आपली आजी तर पडलेली, ऑपरेशन झालेलं, दुखणं, भूक मेलेली, वरून तीन आठवडे "आराम करा"च्या नावाखाली खाटेवर. ह्या स्नायू जाण्याला डॉक्टर लोक सार्कोपेनिया म्हणतात, आणि वरून चरबी जास्त असेल तर सार्कोपेनिक ओबेसिटी. हा दुसरा प्रकार घरात कोणाच्या लक्षातच येत नाही कारण माणूस अंगाने भरलेलं दिसतं, पाहुणे म्हणतात तब्येत चांगली आहे हो काकूंची, आणि काकूंना खुर्चीतून उठता येत नाही.

जपानमध्ये २००० सालापासून अशा पेशंटसाठी वेगळे रिहॅबचे, म्हणजे माणसाला परत हिंडतं-फिरतं करायचे, वॉर्डच आहेत, लकव्याच्या पेशंटला तिथे १५० दिवसांपर्यंत आणि खुब्याच्या फ्रॅक्चरला ९० दिवसांपर्यंत ठेवता येतं, रोज व्यायाम, रोज जेवणाचा हिशोब. आपल्याकडे टाके निघायच्या आधीच माणूस घरी. म्हणजे अमळनेर असो की यावल-रावेर, वॉर्ड म्हणजे आपलं घर आणि स्टाफ म्हणजे घरातली सून, मुलगा, नातवंडं. म्हणून हे सगळं घरच्यांसाठी लिहिते आहे.

आधी मोजा

शिंप्याकडे असते तशी कापडी टेप घ्या, जुनी ताणलेली नको. पेशंटला खुर्चीवर किंवा खाटेच्या कडेला बसवायचं, तळपाय जमिनीवर सपाट, गुडघा काटकोनात. टेप पोटरीभोवती वर-खाली सरकवत जिथे आकडा सगळ्यात मोठा येतो ती जागा पकडा, टेप कातडीला टेकली पाहिजे पण रुतली नाही पाहिजे. आशियातल्या तज्ज्ञांच्या गटाने २०१९ मध्ये जी रेषा ठरवली ती अशी, पुरुषाची पोटरी ३४ सेंटीमीटरपेक्षा कमी आणि बाईची ३३ पेक्षा कमी असेल तर स्नायू कमी झाल्याची शंका घ्यायची. शंका म्हणते आहे, निदान नाही. ऑपरेशन झालेल्या पायाला सूज असते म्हणून दुसऱ्या पायाचा आकडा धरा, लकव्यात चांगल्या बाजूचा. आणि माणूस जाडजूड असेल तर पोटरी चरबीमुळेच मोठी येते, तिथे ३५-३६ आलं म्हणून निवांत बसू नका, त्यांच्यासाठी खाली सांगते ती खुर्चीची परीक्षाच खरी.

टेप नसेल तर जपानी लोकांची एक सोपी पद्धत आहे, पेशंटने स्वतःच्या दोन्ही हातांचे अंगठे आणि अंगठ्याजवळची बोटं जुळवून गोल करायचा आणि तो पोटरीच्या जाड भागाभोवती धरायचा. बोटं भिडलीच नाहीत तर चांगलं, जेमतेम भिडली तर लक्ष ठेवा, आणि भिडून वर फट राहिली तर स्नायू गेलेला असण्याची शक्यता बरीच. हात पेशंटचेच पाहिजेत बरं का, नातवाने आपल्या लांब बोटांनी आजीची पोटरी मोजली तर फट राहणारच.

मोजायच्या आधी एक काम न विसरता करायचं. नडगीवर, घोट्याच्या थोडं वर, अंगठ्याने पाच-दहा सेकंद दाबून धरा आणि सोडा. खळगा पडला आणि तसाच राहिला तर ते पाणी आहे, सूज आहे, त्या दिवशीचा पोटरीचा आकडा आणि काट्याचा आकडा दोन्ही धरू नका. दोन्ही पायांना अशी सूज असेल तर हृदय, किडनी, लिव्हर, किंवा बीपीची एखादी गोळी असं काहीही कारण असू शकतं, डॉक्टरांना दाखवा. आणि एकाच पायाची पोटरी अचानक सुजली, गरम लागते, दुखते, तर ती रक्ताची गुठळी असू शकते, त्याच दिवशी दवाखाना, आणि तोपर्यंत त्या पायाला तेल लावून चोळायचं नाही. आपल्याकडे पाय सुजला की पहिली तेलाची वाटी येते म्हणून मुद्दाम सांगते.

आता खुर्ची. प्लास्टिकची असेल तर भिंतीला टेकवून ठेवा नाहीतर मागे सरकते. दोन्ही हात छातीवर घडी घालून पाच वेळा उठायचं आणि बसायचं, मोबाईलवर वेळ लावा. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पायातली ताकद कमी. सुरुवातीला बहुतेक पेशंट हाताशिवाय एकदासुद्धा उठत नाहीत, त्यात काही विशेष नाही, तसं लिहून ठेवा, "हात टेकून दोनदा, नातवाने धरलं". तोच पुढच्या महिन्याचा पाया. चालण्यासाठी घरात किंवा ओट्यावर ६ मीटर, म्हणजे साधारण २० फूट, खडूने दोन रेघा मारा, रेघेच्या थोडं आधीपासून चालायला लावा आणि नेहमीच्या चालीने किती सेकंद लागतात बघा. ६ सेकंदांपेक्षा जास्त म्हणजे चाल मंद. हे सगळं सर्जनने पायावर भार द्यायची परवानगी दिल्यावरच, कोणाला पहिल्या दिवसापासून पूर्ण भार चालतो, कोणाला सहा आठवडे अर्धाच, हे ऑपरेशन कसं झालं त्यावर आहे, शेजारच्या माणसाला काय सांगितलं त्यावर नाही.

महिन्यातून एकदा पोटरी, पंधरा दिवसांतून एकदा खुर्ची आणि चाल, आठवड्यातून एकदा वजन, सकाळी संडासहून आल्यावर, तेच कपडे, तोच काटा. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात लिहून टाका, वही हरवते. सुरुवातीला एक गोष्ट होईल, खुर्चीची वेळ सुधारेल पण पोटरी हलणारच नाही. घाबरू नका, पहिले काही आठवडे ताकद वाढते ती मेंदू आणि नसा आहे तोच स्नायू नीट वापरायला शिकतात म्हणून, स्नायूचा घेर वाढायला दोन-तीन महिने जातात.

मशीनबद्दल पण सगळे विचारतात. जिममध्ये, काही दवाखान्यांत पाय ठेवून उभं राहायचं मशीन असतं, चरबी इतके टक्के, स्नायू इतके किलो असा कागद देतं. ते अंगातून बारीक करंट सोडून अंदाज बांधतं आणि तो अंदाज सगळा पाण्यावर चालतो. अंगावर सूज असेल तर स्नायू जास्त दाखवेल, मे महिन्यात भुसावळच्या उन्हात माणूस सुकलं असेल तर चरबी जास्त दाखवेल, आतमध्ये रॉड-प्लेट असेल तर आणखी गडबड. पेसमेकरवाल्यांनी तर त्यावर उभंच राहू नये. डेक्सा नावाचं स्कॅन जास्त बरोबर असतं पण त्यासाठी आजीला गाडीत घालून कुठे कुठे न्यायची काही गरज नाही, टेप आणि खुर्ची पुरते.

रोजची कामं: काय करू शकतात ते नाही, काय करतात ते

१९६५ साली अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये महोनी आणि बार्थेल ह्या दोघींनी एक यादी छापली, बार्थेल इंडेक्स म्हणतात, आम्ही अजून तीच वापरतो. दहा कामं, एकूण १०० मार्क. जेवणं, अंघोळ, दात-केस-दाढी, कपडे घालणं, संडासवरचा ताबा, लघवीवरचा ताबा, संडासला जाऊन येणं, खाटेवरून खुर्चीत जाणं, चालणं, जिने चढणं. सगळ्यात जास्त मार्क, १५-१५, खाटेवरून उठून खुर्चीत बसण्याला आणि चालण्याला. ह्या यादीतली मला सगळ्यात आवडणारी अट म्हणजे माणूस काय करू शकेल त्याला मार्क नाहीत, दिवसभरात खरोखर काय करतो त्यालाच आहेत.

आणि आपल्या घरांत गाडी इथेच अडते. चोपड्याकडच्या एका घरातले जिभाऊ, केळीचे बागायतदार, आयुष्यभर बांधावर उभे राहिलेले, लकवा डाव्या बाजूला, उजवा हात एकदम चांगला. मी विचारलं कसे आहात, तर म्हणे "माले काही व्हयेल नही, मी बरा शे". आणि तेवढ्यात सुनबाईंनी चहा बशीत ओतून, फुंकून, त्यांच्या तोंडाला लावला. उजवा हात मांडीवर तसाच पडलेला. मी म्हटलं वहिनी, कप त्यांच्या हातात द्या, अर्धाच भरा. तर सासूबाई लगेच, लोक काय म्हणतील, म्हाताऱ्याला हाताने प्यायला लावून राहिले. मग सदऱ्याची बटणं लावायला सांगितली, एका हाताने, सगळ्यात खालचं बटण आधी, कारण ते दिसतं आणि काज सैल असतं. एकेका बटणाला इतका वेळ लागत होता की नातवाचा हात सारखा पुढे येत होता, मी तो धरून ठेवला. तिसरं बटण लागलं तेव्हा जिभाऊंच्या कपाळावर घाम होता, आणि चौथं त्यांनी कोणी न सांगता लावायला घेतलं.

सेवा करू नका असं मी कधीच म्हणणार नाही, पण जे काम माणूस हळू का होईना स्वतः करतं ते त्याच्या हातातून काढून घेतलं की तो त्या दिवसाचा व्यायाम पण गेला. पाण्याचा तांब्या उशाशी नको, चार पावलांवर टेबलावर ठेवा. जेवण खाटेवर नाही, सगळ्यांबरोबर खुर्चीत बसून. अंघोळीला तोंड-हात-छाती त्यांनी धुवायची, पाठ-पाय तुम्ही. वेळ जास्त लागतो, सकाळी शाळा-शेत-डबे असतात, मान्य आहे, मग सकाळी तुम्ही करा आणि दुपारी निवांत असताना कपडे बदलणं त्यांना करू द्या, सगळं एकदम नको.

बार्थेलच्या यादीत आपल्याकडची काही कामं नाहीतच, तिकडे कोण जमिनीवर मांडी घालून बसतं. म्हणून मी घरच्यांना आपली चार-पाच कामं जोडायला सांगते, उंबरा ओलांडून ओट्यावर जाऊन बसणं, देवासमोर उभं राहून दिवा लावणं, ओला फडका पिळणं, मेथीची जुडी निवडणं, अर्धी बादली सरकवणं. खाली जमिनीवर बसायचं मात्र विचारून, खुब्याचा गोळा बदलला असेल तर उकिडवं बसणं, मांडी घालणं, पायावर पाय टाकणं, बुटक्या पाटावर बसणं ह्याला डॉक्टर मनाई करतात, कारण गोळा निसटू शकतो. इथे आजीचा हट्ट चालू द्यायचा नाही.

खाणं

आजारी माणसाला बघायला येणारा प्रत्येक जण आपल्या भागात केळी घेऊन येतो, आणि सोबत बिस्किटचा पुडा. केळीवर माझा काही राग नाही, जळगावची केळी आहे, खा की, पण एका केळात प्रथिनं असतात जेमतेम १ ग्रॅम. आणि स्नायू बनतो प्रथिनांवर. साबुदाणा तर त्याहून वाईट, त्यात प्रथिनं जवळजवळ नाहीतच, आणि आजी एकादशी सोडायला तयार नसते. उपास करायचाच असेल तर भगर, राजगिरा, शेंगदाण्याची आमटी, दूध-दही, असा करा, साबुदाणा वडा आणि पडून राहणं असा नको.

हिशोब सोपा आहे. धडधाकट माणसाला आपल्या देशातल्या शिफारशीप्रमाणे किलोमागे साधारण ०.८३ ग्रॅम प्रथिनं रोज लागतात. म्हातारपणी १ ते १.२, आणि आजारातून उठणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला १.२ ते १.५. म्हणजे ५० किलोच्या आजीला रोजचे निदान ६० ग्रॅम. किडनीचा त्रास असेल तर हा हिशोब लागू नाही, आधी डॉक्टर, क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट दाखवून विचारा किती चालेल.

६० ग्रॅम ऐकून लोक म्हणतात पावडर आणावी लागेल. नाही हो. आपली कळण्याची भाकरी घ्या, ज्वारीत काळे उडीद घालून दळलेली. नुसत्या ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात १० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं, त्यात पाव हिस्सा उडीद आला की १३ च्या आसपास जातं, आणि डाळ-धान्य एकत्र आल्याने प्रथिनाचा दर्जा पण सुधारतो. आपल्या आज्या-पणज्या हे उगाच खात नव्हत्या. सकाळी पेलाभर दूध, साडेसहा ग्रॅम. दुपारी ८० ग्रॅम पिठाची कळण्याची भाकरी १०, मुगाची नाहीतर मटकीची उसळ, कोरडे ५० ग्रॅम दाणे भिजवून, १२, वाटीभर दही ५. चार वाजता मूठभर भाजलेले शेंगदाणे, दात नसतील तर कूट, ७. रात्री बेसनाचं पिठलं नाहीतर पाटोड्याची भाजी ८-९, सोबत अर्धी भाकरी ५, झोपताना दूध साडेसहा. झाले ६०, आणि दुकानातून डबा आणला नाही. अंडी चालत असतील तर एका अंड्यात ६ ग्रॅम, काम आणखी सोपं. भरीत करायचं असेल तर करा, पण वांग्यात प्रथिनं काही नसतात, शेंगदाणे हात सोडून घाला. शेवभाजी मात्र काही दिवस पाहुण्यांसाठीच ठेवा, तवंगाने पोट भरतं आणि पुढचं जेवण जात नाही.

सगळी प्रथिनं रात्रीच्या जेवणात कोंबून उपयोग नाही, दिवसभरात वाटून द्या, आणि व्यायामानंतर तासाभरात काहीतरी पोटात जाऊ द्या. दात नाहीत, चावत नाही, तर भाकरी घट्ट वरणात नाहीतर दुधात कुस्करून. घट्ट म्हणते आहे, नुसतं वरचं पाणी नाही, कितीतरी घरांत आजारी माणसाला "हलकं" म्हणून डाळीचं पाणी देतात आणि डाळ बाकीचे खातात.

लकव्याच्या पेशंटला जेवताना-पिताना ठसका लागत असेल, आवाज ओला-घोगरा येत असेल, तर घास छातीत उतरण्याची भीती असते. पाणी, चहा असं पातळच जास्त त्रास देतं. तिथे जबरदस्तीने भरवू नका, सरळ बसवूनच द्या आणि डॉक्टरांना गिळण्याची तपासणी करायला सांगा.

हाड मोडलं की डिंकाचे लाडू होतातच. होऊ द्या, भूक मेलेल्या बारीक माणसाला त्या तुपा-गुळाची गरज पण असते, उष्मांक कमी पडले तर शरीर खाल्लेली प्रथिनं जाळायलाच वापरतं. पण आधीच ८० किलोच्या, दिवसभर खाटेवर असलेल्या शुगरच्या काकूंना रोज दोन लाडू आणि शिरा म्हणजे फक्त चरबी. ह्याच काकूंच्या बाबतीत दुसऱ्या टोकाची चूक पण बघते, कोणीतरी सांगतं वजन कमी केलं तर गुडघे सुटतील, आणि घरचे रात्रीचं जेवण बंद करतात. उपाशी राहून वजन उतरतं तेव्हा चरबीबरोबर स्नायू पण जातो, साधारण चौथा हिस्सा तरी, आणि ह्या वयात गेलेला स्नायू सहज परत येत नाही. फ्रॅक्चरनंतर पहिले तीन महिने तरी वजन कमी करायचा विषय काढू नका. तेल-साखर कमी करा, डाळ-दूध तेवढंच ठेवा, उठबस वाढवा. उलट, काही न करता सहा महिन्यांत वजन ५ टक्क्यांपेक्षा जास्त उतरलं, म्हणजे ६० किलोवरून ५७ च्या खाली, तर ती चांगली बातमी नाही, दाखवून घ्या.

आणि पाणी. म्हातारी माणसं पाणी पित नाहीत कारण संडासला न्यायला सुनेला हाक मारायची लाज वाटते, हे कोणी बोलून दाखवत नाही पण असतं तसंच. आपल्याकडे उन्हाळ्यात ४५ डिग्री जातं, पाणी कमी पडलं की बद्धकोष्ठता, लघवीला जळजळ, चक्कर, आणि कधी कधी माणूस अचानक असंबद्ध बोलायला लागतं. ताक, पाणी, पन्हं, ठराविक वेळेला स्वतः नेऊन द्या, आणि संडासची सोय जवळ करा म्हणजे लाजेचं कारणच राहत नाही. हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल तर किती पाणी हे मात्र डॉक्टरच सांगतील.

व्यायाम

खाणं वाढवलं आणि माणूस पडूनच राहिलं तर स्नायू वाढत नाही. सगळ्यात कामाचा व्यायाम म्हणजे तीच खुर्ची. उठणं-बसणं, हळू, बसताना धपकन नाही, तीन मोजत खाली. सुरुवातीला उंच आसन ठेवा, खुर्चीवर घट्ट उशी नाहीतर घडी घातलेली गोधडी, हात टेकून पाचदा. जमलं की आठ-दहा, मग गोधडी काढा, मग एकाच हाताचा आधार, मग हात छातीवर. दिवसातून दोन-तीन वेळा, जेवणाच्या आधी असं ठरवून टाका म्हणजे विसरत नाही. दहा वेळा केल्यावर शेवटची दोन जड गेली पाहिजेत, सगळी सहज झाली तर पुढची पायरी घ्यायची वेळ झाली. ह्यात लोक कमी पडतात, तोच पाय हलवायचा सोपा व्यायाम सहा महिने चालू ठेवतात.

खाटेवर असतानाच करायचे ते वेगळे, घोटा वर-खाली, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा खाली दाबून पाच मोजणं, परवानगी असेल तर गुडघे वाकवून कंबर उचलणं. उभं राहता यायला लागलं की स्वयंपाकाच्या ओट्याला धरून टाचा उचलणं, तो थेट पोटरीचा व्यायाम, आणि ओटा धरूनच खेकड्यासारखं आडवं चालणं. वजन बांधायचं तर जुन्या सॉक्समध्ये अर्धा किलो वाळू भरून घोट्याला बांधा, आठवड्यातून दोन-तीन दिवस, मध्ये एक दिवस सुट्टी. श्वास रोखायचा नाही, आकडे मोठ्याने म्हणायला लावा म्हणजे आपोआप रोखला जात नाही. आडवं असताना एकदम उभं करायचं नाही, खाटेच्या कडेला मिनिटभर बसवून मगच, बीपीच्या गोळ्या चालू असतात, डोळ्यापुढे अंधारी येते. छातीत दुखलं, दम लागून वाक्य पुरं होईना, घाम फुटला, तर तिथेच थांबवायचं आणि दवाखाना गाठायचा.

खाट, संडास, उंबरा

विणलेली बाज मध्ये खोल जाते, त्यातून तर मला पण उठताना जोर लागतो. पलंग वापरा, नाहीतर बाजेवर फळी टाकून गादी टाका. उंची अशी की कडेला बसल्यावर तळपाय पूर्ण टेकतात आणि कुल्ले गुडघ्यांपेक्षा थोडे वर राहतात, कमी पडली तर पायांखाली लाकडी ठोकळे, हलणाऱ्या विटा नको. संडास भारतीय असेल तर कमोड खुर्ची घ्या, संडासात भिंतीला पकडायला दांडी, रात्री एक छोटा दिवा चालू. उंबऱ्याला पिवळा रंग मारा. पायात मागे पट्टा असलेली चप्पल, मोजे घालून फरशीवर चालायचं नाही. वॉकरची उंची हात सरळ खाली सोडल्यावर मनगटाच्या घडीला येईल एवढी, आणि खालच्या रबरी टोप्या झिजल्या की लगेच बदला, वीस-तीस रुपयांच्या टोपीपायी दुसरा खुबा मोडायला नको. हाड एकदा मोडलं म्हणजे हाडं ठिसूळ असणार, तेव्हा पुढच्या तपासणीला कॅल्शियम, व्हिटॅमिन डी आणि ठिसूळपणाच्या औषधाचं सर्जनला तुम्हीच विचारा, टाक्यांच्या गडबडीत ते बऱ्याचदा राहून जातं.

खर्चासाठी, राज्य सरकारची मुख्यमंत्री वयोश्री योजना २०२४ मध्ये सुरू झाली, ६५ च्या पुढच्या आणि वर्षाचं कुटुंबाचं उत्पन्न २ लाखांच्या आत असलेल्यांना काठी, वॉकर, कमोड खुर्ची, कंबरपट्टा, चष्मा अशा वस्तूंसाठी एकदाच ३००० रुपये आधार जोडलेल्या खात्यात मिळायची त्यात सोय आहे. सध्या अर्ज चालू आहेत का ते जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात विचारा, जाताना आधार, पासबुक, फोटो बरोबर ठेवा. पैसे यायला वेळ लागतो, तोपर्यंत वॉकर उसना आणा, जवळपास प्रत्येक गल्लीत कोणाच्या तरी माळ्यावर एक पडलेला असतो, फक्त टोप्या बघून घ्या.